मुंबई-लंडन ७,२०८ किमी, ९०० च्या स्पीडने आठ तास. मग तिकिटावर दहा तास कुठून आले?

प्रश्न कोणाला सापडला नाही तर थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या भाऊंचे आईबाबा मे महिन्यात पहिल्यांदाच विमानात बसणारेत. नाशिकहून मुंबई, मुंबईहून लंडन, आणि तिथून बहिणीच्या घरी रेडिंगला. एका साइटवर अंतर ७,२०८ किमी आणि वेळ साडेआठ तास दिलीये, दुसरीकडे सव्वानऊ. तिकिटावर मुंबईहून दुपारी १:१५ ला सुटून लंडनला संध्याकाळी ६:४५ ला पोचणार असं लिहिलंय, त्यामुळे बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की साडेपाच तासांत लंडन. परतीचं लंडनहून रात्री ८:३० ला सुटून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी १०:१०. नक्की वेळ किती, कुठला आकडा खरा, बहिणीने एअरपोर्टला कधी यायचं, आणि दुबईवरून स्वस्त तिकीट मिळतंय तर अंतर किती वाढेल, असे चार प्रश्न एकात.

मी चोवीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचला काढली. विमान सुटायच्या आधी त्याचा रूट, इंधन, वारा, कुठलं आकाश उघडं कुठलं बंद, हे सगळं जमवून कॅप्टनच्या हातात कागद द्यायचा, ते काम. त्यामुळे हा प्रश्न वाचून हसू आलं, कारण घरच्या प्रत्येक लग्नात मला कोणीतरी हेच विचारतं.

पहिली गोष्ट, तुमचे आकडे जुळत नाहीयेत याचं कारण कोणी खोटं बोलतंय असं नाही. साइट सांगते ते दोन ठिपक्यांमधलं अंतर, तिकीट सांगतं ते विमान एका गेटवरून सुटून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा वेळ, आणि तुम्हाला हवंय ते आईबाबा दारातून बाहेर कधी येतील. या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा खरा प्रश्न तिसरा आहे, आणि त्यात किलोमीटरचा उपयोग जवळजवळ शून्य. तरी आधी किलोमीटरचंच सांगते, कारण ते मजेशीर आहे.

७,२०८ हा आकडा बरोबर आहे, पाच-सात किमी इकडे तिकडे, कोण कुठला ठिपका धरतो त्यावर. घरात पृथ्वीचा गोल असेल, मुलांचा शाळेचा, तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं लंडनवर, आणि ताणा. दोरा जिथून जाईल तो सगळ्यात जवळचा रस्ता. भिंतीवरच्या सपाट नकाशावर तोच रस्ता उत्तरेकडे वाकलेला दिसतो आणि लोकांना वाटतं विमान वळसा घालून जातंय. वळसा नाहीये, नकाशा चपटा आहे.

आता तो दोरा कुठून जातो बघा. मुंबईहून वायव्येला, सौराष्ट्र-कच्छ, मग जवळजवळ कराचीच्या डोक्यावरून, बलुचिस्तान, पूर्व इराण, तेहरानच्या थोडं वरून, कॅस्पियन समुद्राचा कोपरा, जॉर्जिया-आर्मेनियाच्या सीमेवर बरोब्बर अर्धा रस्ता, मग काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड, जर्मनी आणि लंडन. वाचताना तुमच्या लक्षात आलं असेल. युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद झालं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांना आकाश बंद केलं, ३० तारखेला आपणही त्यांना केलं. आणि १३ जून २०२५ ला इस्राएल-इराण युद्ध सुरू झालं तेव्हा इराण, इराक, जॉर्डन सगळं धडाधड बंद. म्हणजे तुमच्या साइटवरचा तो सुंदर ७,२०८ किमीचा दोरा गेल्या काही वर्षांतल्या तीन भांडणांच्या मधोमध जातो. त्या रस्त्याने आता कोण उडणार?

मग विमान जातं कुठून, तर ते त्या दिवसावर आणि कंपनी कुठल्या देशाची आहे त्यावर. कागदावर मोजायचं तर मुंबईहून मस्कत, मग बगदादच्या बाजूने इस्तंबूल आणि पुढे लंडन असे सरळ तुकडे जोडले तर साधारण ७,४५० किमी होतात. फक्त अडीचशे जास्त, फार नाही. पण इराण-इराक दोन्ही टाळायचे झाले आणि रियाध, कैरो असं खालून जावं लागलं तर तेच ७,९०० च्या पुढे. सातशे किमी वाढले म्हणजे पाऊण तास गेला. गंमत म्हणजे ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं मुंबई-लंडन विमान गेलं, मलबार प्रिन्सेस, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. तेव्हा विमानाची झेप कमी पडायची म्हणून कैरो, आता आकाश बंद असलं की कैरो.

हे असं एका दिवसात बदलतं याचा मी स्वतः घेतलेला अनुभव सांगते. २७ फेब्रुवारी २०१९. मी ड्युटीवर होते. सकाळी चहा पण संपला नव्हता आणि नोटॅमच्या प्रिंटरने कागद ओकायला सुरुवात केली, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, अमुक आकाश बंद, तमुक रनवे बंद. पाकिस्तान बंद. थोड्या वेळाने आपलेच उत्तरेतले कितीतरी विमानतळ काही तासांसाठी बंद. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या एका मोठ्या विमानाचा प्लॅन माझ्या समोर तयार पडला होता, तो फाडला आणि पुन्हा करायला घेतला, आधी खाली गुजरातकडे यायचं, मग समुद्रावरून ओमान, मग वर. कॅप्टन जुने होते, कधी आवाज न चढवणारे, टेबलाला कोपर टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, किती वाढलं?" मी म्हटलं, "सर, सव्वा तास आणि आठ टन." किलोमीटर त्यांनी विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत. आमच्या धंद्यात अंतर कोणी किलोमीटरमध्ये बोलतच नाही, नॉटिकल मैल वापरतात, १.८५२ किमीचा एक, आणि बोलताना तर तेही नाही. बोलायचं ते मिनिटं आणि टन. ते बंद आकाश पुढे जुलैच्या मध्यापर्यंत तसंच होतं.

आता वेळेकडे. तुम्ही ७,२०८ ला ९०० ने भागलंत आणि आठ तास काढलेत. त्या साइट पण तेच करतात बहुतेक, एक ठरावीक स्पीड धरायचा, चढायला-उतरायला म्हणून अर्धा तास टाकायचा, झालं. कोणी ९०० धरतो कोणी ८२५, म्हणून तुम्हाला दोन साइटवर दोन वेळा दिसल्या. यात वारा नाही, रांग नाही, रूट नाही.

९०० हा स्पीड चुकीचा नाहीये. लांब पल्ल्याची मोठी विमानं आवाजाच्या वेगाच्या साधारण ८४-८५ टक्क्यांनी उडतात आणि वरच्या थंड हवेत ते ताशी ९०० च्या आसपास येतं. पण हा स्पीड हवेतला, जमिनीवरचा नाही. गोदावरीला पूर आलाय आणि तुम्ही होडी वल्हवताय, तुमच्या हातांचा जोर तोच, पण प्रवाहाबरोबर गेलात तर घाट पटकन येतो आणि उलट गेलात तर दम निघतो. वरती हवा अशीच वाहते. आपल्या उत्तरेला आणि पुढे इराण-तुर्कस्तानावर ती बहुतेक वेळ पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, थंडीत जास्त जोरात, उन्हाळ्यात पट्टा उत्तरेला सरकतो आणि जोर ओसरतो. म्हणून जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर.

तुमच्याच तिकिटाचा हिशोब करून दाखवते. रूट ७,४५० धरू. मे महिन्यात पूर्ण रस्त्याची सरासरी काढली तर ताशी ५० किमीचा वारा धरू, रोज वेगळा असतो पण हिशोबाला ठीक आहे. जाताना ९०० वजा ५०, म्हणजे ८५०, भागाकार केला की ८ तास ४६ मिनिटं. येताना ९५०, म्हणजे ७ तास ५१. इथेच पंचावन्न मिनिटांचा फरक पडला, आणि तुमच्या तिकिटावर, घड्याळांचा फरक काढला की (तो हिशोब खाली येतोच), जाताना दहा तास आणि येताना ९ तास १०, म्हणजे फरक पन्नास मिनिटं. जुळलं की नाही? डिसेंबर-जानेवारीत हाच वारा शंभर धरा, जाताना सव्वानऊ तास नुसते हवेत आणि येताना साडेसात.

वारा किती करू शकतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये, अटलांटिकवर वादळ होतं तेव्हा, ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. जमिनीवरून मोजला तर वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. पेपरात लोकांनी लिहिलं आवाजाचा वेग ओलांडला, तसं काही नाही हो, विमान आपल्या नेहमीच्या स्पीडनेच चाललं होतं, हवाच पळत होती.

एक प्रश्न नेहमी येतो म्हणून इथेच, उशीर झाला तर पायलट जोरात चालवून भरून काढत नाही का. काढतो, पण थोडंच. स्पीड दोन टक्के वाढवला तर नऊ तासांत दहा-अकरा मिनिटं वाचतात, आणि इंधन मात्र त्याहून जास्त प्रमाणात जळतं. एसटीचा ड्रायव्हर कसारा घाटात गेलेला अर्धा तास भिवंडीपर्यंत काढतो तसं इथे होत नाही.

परत हिशोबाकडे. हवेतले ८ तास ४६ झाले. चढताना आणि उतरताना विमान ९०० ने जात नाही, त्याची पंधरा मिनिटं धरा, झाले नऊ तास. आता मुंबई. मुंबईला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात, आणि त्या एकावर प्रचंड भार. गेटवरून मागे ढकललं, इंजिन सुरू झालं, मग टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेकडे नेणाऱ्या रस्त्यावर, सात-आठ विमानांच्या मागे नंबर. वीस मिनिटं. लंडनला हीथ्रोवर उतरायच्या आधी विमानांना रांगेत ठेवायला आकाशात चार ठरलेल्या जागा आहेत, बोव्हिंगडन, लँबोर्न, ऑकम आणि बिगिन, तिथे गोल गोल फिरवतात, एकावर एक थर करून, वरचं खाली येत जातं. आईबाबांना सांगून ठेवा की शेवटी विमान वळतच राहिलं तर घाबरायचं कारण नाही, नंबर लागलाय. पंधरा मिनिटं धरा. उतरल्यावर गेटपर्यंत दहा. किती झाले, पावणेदहा. वरची पंधरा मिनिटं कंपनीची स्वतःची, अडीअडचणीला. झाले दहा तास.

या सगळ्याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकाखालची अडण काढली तिथपासून पुन्हा अडण लावली तिथपर्यंत. तिकिटावर जी वेळ असते ती हीच, नुसती उडायची नाही. कंपनी ती अंदाजपंचे टाकत नाही, आधीच्या सीझनमध्ये तीच फ्लाइट रोज किती वेळात गेली ते बघून, बहुतेक दिवस वेळेत बसेल असा आकडा निवडते. त्यात थोडी चलाखी पण आहे हे कबूल करते. पोचायच्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत गेटला लागलं तरी हिशोबात ती फ्लाइट ऑन टाइम धरतात, वर आधीच वेळ सैल ठेवलेली. म्हणून कधीकधी अर्धा तास उशिरा सुटूनही वेळेवर पोचतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

येतानाचं झटकन. ७:५१ मध्ये चढ-उताराची पंधरा मिनिटं, साधारण आठ तास पाच. हीथ्रोला सुटताना रांग मोठी, पंचवीस. मुंबईवर उतरायला फिरवतील ती पंधरा, गेटपर्यंत दहा, कंपनीची पंधरा. ९ तास १०. तिकिटावर तेच आहे. अर्थात मी हे तुमचं तिकीट बघून जुळवलंय असं कोणी म्हणेल, म्हणू दे, पण तुकडे साधारण एवढेच असतात, दहा मिनिटं इकडची तिकडे.

आता बाबांच्या साडेपाच तासांचं. तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. मे मध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं बदलली की साडेपाच तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारी परत साडेचार. आमच्या रूममध्ये भिंतीवर एकच मोठं घड्याळ असायचं, यूटीसीचं, म्हणजे सगळ्या जगासाठी धरलेली एकच वेळ, आपण तिच्या साडेपाच तास पुढे आणि मे मधलं लंडन एक तास पुढे, आणि नवीन पोरापोरींना पहिला आठवडा फक्त एवढंच शिकवायचे की मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचं नाही. सगळ्या वेळा आधी यूटीसीत आणायच्या. मुंबई १:१५ दुपार म्हणजे ७:४५. लंडन ६:४५ संध्याकाळ म्हणजे १७:४५. दहा तास, भांडण मिटलं.

ते नको असेल तर बाबांना करून दाखवायला एक सोपी युक्ती आहे. जाताना तिकिटावर वरवर दिसतात साडेपाच तास. येताना रात्री ८:३० ते सकाळी १०:१०, वरवर १३ तास ४०. दोन्हींची बेरीज १९:१० आणि निम्मे केले की ९:३५. हा झाला एका बाजूचा खरा सरासरी वेळ, कारण घड्याळांचा फरक एकदा कमी धरला जातो आणि एकदा जास्त, बेरजेत आपोआप उडतो. घड्याळ किती मागे आहे हे माहीत नसलं तरी चालतं. फक्त मध्ये घड्याळं बदलायचा रविवार येत नाही ना ते बघायचं, बाकी कुठल्याही दोन शहरांना लावा.

दुबईचं विचारलंय. मुंबई-दुबई साधारण १,९३० किमी आणि दुबई-लंडन ५,४८० च्या आसपास. बेरीज ७,४१०. म्हणजे थेट फ्लाइट जो रूट घेते त्यापेक्षा जास्त नाहीच, उलट चाळीस किमी कमीच दिसतंय कागदावर! म्हणूनच म्हणते की अंतर बघून काही कळत नाही. दुबईवरून वेळ वाढतो तो किलोमीटरने नाही, दोनदा चढणं, दोनदा उतरणं, दोनदा गेट ते रनवे आणि रनवे ते गेट, आणि मधला थांबा याने. तिथे दोन तासांचा थांबा असला तरी एकूण तेरा तासांच्या आसपास जाईल, आणि पहिल्यांदा प्रवास करणाऱ्या साठीच्या माणसांना दोन तास मला कमी वाटतात, त्या एअरपोर्टवर गेट ते गेट चालणं, ट्रेन, पुन्हा सिक्युरिटी, तीन तास तरी हवेत. मग स्वस्त तिकीट घ्यायचं की नाही हे आईबाबा कसे आहेत त्यावर. बाबांचे गुडघे धड असतील आणि आई मोबाइल वापरत असेल तर घ्या, पैसे वाचवा, लाखो लोक जातात. मधुमेह, गुडघे, इंग्रजीची भीती यातलं काही असेल तर मी थेटच घेईन. हा माझा कल झाला.

शॉर्ट फ्लाइटला हे सगळं उलटं होतं हेही सांगते, कारण खाली एकाने विचारलंय की मुंबई-गोवा अर्ध्या तासाचं अंतर असून सव्वा तास का दाखवतात. दाबोळीपर्यंत हवाई अंतर सव्वाचारशे किमीच्या आसपास. ९०० ने भागलं तर अर्धा तास पण नाही. पण तेवढ्यात ९०० चा स्पीड मिळतो कुठे, चढून होतंय तोवर उतरायची तयारी. त्यात मुंबईची तीच वीस मिनिटांची रांग, जी लंडनच्या दहा तासांत दिसत पण नाही, ती इथे पूर्ण वेळेच्या पाव हिश्श्याहून जास्त. मुंबई-दिल्ली ११४० किमी, भागाकार सव्वा तास, तिकिटावर सव्वादोन. जितकं अंतर कमी तितका भागाकार खोटा. आणि लांबच्या फ्लाइटला भागाकार चुकतो तो वाऱ्याने आणि रूटने. म्हणून दोन्हीकडे तिकिटावरचा ब्लॉक टाइमच धरायचा.

त्याहून चांगला आकडा हवा असेल तर एक काम करा. विमानं लाइव्ह दाखवणारी अ‍ॅप असतात, त्यात तुमचा फ्लाइट नंबर टाका आणि मागचे आठ-दहा दिवस बघा. तिकिटावरची वेळ नाही, प्रत्यक्ष सुटलं कधी आणि उतरलं कधी ते. दहा दिवसांपैकी सात दिवस वीस मिनिटं आधी उतरत असेल तर तुमचंही बहुतेक तसंच होईल. एखादा दिवस दीड तास उशिरा दिसेल, तो सोडा. जायच्या आठवड्यात परत बघा, कारण मध्ये एखादं आकाश बंद झालं असेल तर सगळ्यात आधी तिथे कळतं, बातम्यांच्या आधी.

आता तुमचा खरा प्रश्न, बहिणीने कधी यायचं. ६:४५ ला विमान गेटला लागलं म्हणजे आईबाबा बाहेर आले नाहीत. व्हीलचेअर सांगितली असेल, आणि मी म्हणेन सांगाच, इमिग्रेशनला सोबत माणूस मिळतो, भाषेचा प्रश्न सुटतो, तर लक्षात ठेवा की व्हीलचेअरवाल्यांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. व्हीलचेअर आधी फोन करून बुकिंगला टाकून घ्या, काउंटरवर जाऊन सांगितलं तर थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टला ई-गेट चालत नाही, माणूस बसलेल्या काउंटरचीच रांग, अर्धा तास ते दीड तास, त्या वेळी किती विमानं आली त्यावर. मग बॅगा. माझ्या मते पावणेआठच्या आधी बाहेर येत नाहीत, सव्वाआठ धरून चाला. बहिणीने साडेसहाला येऊन पार्किंगचे पौंड मोजत बसायची गरज नाही. विमान उतरलं असं अ‍ॅपवर दिसलं की रेडिंगहून निघावं, एम-फोर हायवेने पाऊण तास, ट्रॅफिक लागलं तर एक. आरामात वेळेत येते.

आणि इकडून. १:१५ ची फ्लाइट, एअरपोर्टला साडेनऊला पोचायचं, पहिल्यांदाच जाणाऱ्यांना एवढा वेळ हवाच, नाशिकहून चार-साडेचार तास, घाटात ट्रक बंद पडला तर काय म्हणून पहाटे पाचला घर सोडा. तिकडे रेडिंगच्या घरात पाऊल ठेवतील तेव्हा तिथले सव्वानऊ, आपल्या घड्याळात रात्रीचे पावणेदोन. म्हणजे पहाटे पाच ते रात्री पावणेदोन, जवळजवळ एकवीस तास, आणि त्यातले हवेत फक्त नऊ-सव्वानऊ. गोळ्या आणि जेवण या एकवीस तासांचं धरून ठरवायचं. बाबांना शुगरची गोळी असेल तर डॉक्टरांना दहा तासांची फ्लाइट असं सांगू नका, असा पूर्ण दिवस सांगा, भारतीय वेळेत लिहून द्या, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, चेक-इन बॅगेत नाही. बाबांचं मनगटी घड्याळ त्या दिवशी भारतीय वेळेवरच राहू दे, लंडनची वेळ मोबाइल आपोआप दाखवेल.

परतीला एक फरक आहे. ८:३० रात्री तिकडचे म्हणजे आपले पहाटेचे एक, त्यामुळे आईबाबा विमानात बसल्या बसल्या झोपतील, आणि मुंबईत सकाळी १०:१० ला ताजेतवाने नाही पण माणसात असतील. मे-जूनच्या सांध्यावर मुंबईत पहिला पाऊस पडत असला तर विमान पंधराच्या जागी चाळीस मिनिटं पालघर-डहाणूच्या वर फिरवतील, कधी अहमदाबादलाही पाठवतात, त्याचं इंधन आधीच भरलेलं असतं, डिस्पॅचवाल्याने तो विचार आदल्या रात्रीच केलेला असतो. म्हणून त्या दिवशी नाशिकहून घ्यायला येणारी गाडी दहाला दारात उभी करू नका. साडेअकराला सांगा, आणि ड्रायव्हरला फ्लाइट नंबर देऊन ठेवा.

बाबांना ती साडेपाच तास आणि १३ तास ४० ची बेरीज तुम्हीच कागदावर करून दाखवा, माझं नाव सांगून पटायचं नाही.